अकरा, बारा

बुद्धघोष ‘अकरा’ म्हणाला आणि त्याच दमात ‘बारा’ही म्हणून गेला. पलीकडच्या सीटवरून ‘तेरा’ आलं, मागून ‘चौदा’, आणि आकडे सरकत सरकत बावीसवर जाऊन थांबले. "झाले सगळे! चला रावजी," दारात उभी असलेली श्रेया म्हणाली. रावजीनं गिअर टाकला, मिनीबसनं एक आचका दिला आणि मागं फुफाटा उडवत गाडी माळावरच्या कच्च्या रस्त्याला लागली. बारा नंबरचा माणूस गाडीत नव्हता. बारा नंबर म्हणजे गंगाराम, बुद्धघोषचा थोरला भाऊ, वय वर्षं सत्तर, दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरा. बंधाऱ्याकडं गेला होता पाय धुवायला. जाताना सांगून गेला होता, "बुदा, आलो रं दोन मिंटात, तळव्याची लई आग हुतीया." आणि बुद्धघोषनं मान हलवली होती. सवयीनं गेलं तोंडातून, बुद्धघोषनं स्वतःला सांगितलं. सवय तर होतीच. आता फक्त तोंड उघडायचं होतं. ‘अरे थांबा, दादा राहिला.’ चार शब्द. लहान पोरसुद्धा बोलेल.

या आकड्यांचं असं होतं की ती श्रेयाची शिस्त होती. दर रविवारी हडपसरहून तिची ही मंडळी निघायची, पहाटेच्या अंधारात गाडीत बसायची आणि दिवेलागणीला घरी. कधी एखादा किल्ला, कधी डोंगर, कधी नुसतंच रान. पुण्यापासून दोन-तीन तासांवर जे काही पायाखाली घालता येईल ते घालायचं आणि सोमवारी ऑफिसात पोटऱ्या चोळत बसायचं. सकाळी गाडीत चढताना ज्याला जो नंबर मिळेल तो दिवसभर त्याचा. प्रत्येक मुक्कामावरून निघताना आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा. गंगाराम पहिल्यांदा आला तेव्हा मोजणी त्याच्यापाशी येऊन अडली. सगळे त्याच्याकडं बघून ओरडायला लागले, आणि तो आपला सगळ्यांकडं बघून हसत राहिला. तेव्हापासून दोघांचे आकडे बुद्धघोषच सांगायचा. बायाबापड्यांना त्याचं कोण कौतुक! "घोष सर किती जपतात हो भावाला." घोष सर हे नाव कुणीतरी व्हॉट्सअॅपवर आखूड करून टाकलेलं आणि चिकटलेलं. एका नव्या बाईंनी तर ‘तुम्ही बंगाली का हो?’ असंही विचारलं होतं. तो नुसता हसला होता. नाही म्हणाला नव्हता. गंगाराम आल्यावर त्यानं पाच मिनिटांत सगळा उलगडा करून टाकला. "घोष न्हाय वो ताई, बुद्धघोष. आमच्या बापानं ठिवल्यालं नाव. म्या छप्पनच्या दीक्षेच्या आदूगरचा, म्हनून गंगाराम. ह्यो मागनं झाल्याला, म्हनून बुद्धघोष. एकाच आईची लेकरं, पर नावं बगा." सगळे हसले, टाळ्याबिळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून तो सगळ्यांचा आबा झाला. मागच्या सीटवर त्याला गाडी लागायची म्हणून तो पुढं रावजीशेजारी बसायचा. बुद्धघोषच्या शेजारची जागा रिकामीच असायची, तिथं दोघांची एक सॅक. त्यामुळं आत्ता, या घटकेला, मागच्यांना वाटत होतं आबा पुढं आहेत आणि रावजीला वाटत होतं आबा मागं आहेत. बुद्धघोषला मात्र काहीही वाटत नव्हतं. त्याला ठाऊक होतं.

गाडीत सगळे पायमोज्यांतली कुसळं उपटत बसले होते. मार्चचं वाळकं गवत, चालताना घोट्यापर्यंत कुसळंच कुसळं. कुणी हाय-हुय करत होतं, कुणी चिंकाऱ्याचे फोटो एकमेकांना दाखवत होतं, श्रेया लिमलेटच्या गोळ्या वाटत येत होती. पुण्याच्या लोकांना काटा टोचला तरी त्याचं कौतुक. बुद्धघोषनं गोळी घेतली, कागद सोलला, तोंडात टाकली. वनखात्याच्या फाटकापर्यंत सांगू, त्यानं ठरवलं. पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. ‘अरे घोष सर, भावालाच विसरलात की’, आणि गाडी शंभर पावलं मागं घेतली असती. फाटक आलं. फाटकापाशी वॉचमननं हात केला, रावजीनं हॉर्न वाजवला, फाटक मागं गेलं. आता सांगायचं तर ‘मग आत्तापर्यंत काय करत होता?’ हा प्रश्न येणार. डांबरी रस्त्याला लागल्यावर सांगू. डांबरी लागल्यावर गाडीनं वेग घेतला आणि प्रश्नही वाढला. मोठी मजेशीर गोष्ट आहे ही. गप्प बसायला माणसाला काहीच करावं लागत नाही, आणि तरीही प्रत्येक मिनिटाला ते गप्प बसणं जास्त जड होत जातं. गोळी जिभेवर आंबट लागत होती. त्यानं ती दाढेखाली घेऊन कडकन फोडली.

आणि रागही येत होता, हे का लपवा? सकाळी माळाच्या टेपावर, त्या उंचवट्यावर, जे झालं त्याचा राग. तिथून खाली इंदापूरच्या बाजूला एक पायवाट उतरते. गंगाराम तिथं थबकला, काठी रोवली, आणि बुद्धघोष बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. कारण आता काय येणार हे त्याला चाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. "ह्याच वाटंनं," गंगाराम म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या माळाला ऐकू जाईल असा. "ह्याच वाटंनं म्या ह्येला पाठंगुळी घिऊन गेलो. धाव्वीची परीक्षा. पंच्याऐंशी साल, ह्योच मार्च म्हैना. पोरगं तापानं फनफनल्यालं, यश्टी न्हाय, गाडी न्हाय. म्या रातपाळीवरनं आल्यालो. म्हनलं, वरीस वाया घालवतूस व्हय? चल, बस पाठीवर. नऊ मैल!" सगळे भोवती गोळा झाले. श्रेयानं फोन काढला, "आबा, परत एकदा, पहिल्यापासून, इकडं बघून." आणि गंगारामनं पहिल्यापासून सांगितलं, उलट जास्त रंगवून. आणि मग तो भाग आला. "निम्म्या वाटंत माज्या पाठीवर कायतरी ऊन ऊन लागाय लागलं. म्हनलं, घाम आला जनू. कसला घाम! भाद्दरानं मुतल्यालं! सोळा वरसाचा घोडा! पर त्येचा काय दोस, तापात सुद न्हवती पोराला." हशा उसळला. कौसल्याताई, मंडळींतल्या एक निवृत्त शिक्षिका, डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. हसण्याचं का रडण्याचं, कळत नव्हतं. "तसाच वल्ला सदरा घालून साळंच्या भायेर बसलो तीन तास. वाळला आपसूक. आन् आज बगा, पालिटेकनिकात मोठ्ठा सायेब हाय माजा बुदा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गंगारामसाठी होत्या. बुद्धघोषकडं ते प्रेमानं बघत होते, जसं पाळण्यातल्या पोराकडं बघतात तसं. "सर, आज संध्याकाळी पेजवर टाकते हे," श्रेया म्हणाली. "लोक वेडे होतील." तिच्या पेजवर अर्धं पुणं होतं. बुद्धघोषचे विद्यार्थी होते, स्टाफ होता. सोमवारी सकाळी तो वर्गात शिरला की साठ पोरं काय आठवून गप्प बसणार, हे त्याला तिथंच, त्या टेपावर, उन्हात उभ्या उभ्या दिसलं. "नको टाकू," तो म्हणाला. "अहो, त्यात लाजायचं काय? किती सुंदर आहे ते!" श्रेया म्हणाली. सुंदर आहे म्हटल्यावर माणसाचं तोंडच बंद होतं.

गंगाराम ते कधीच वाईट हेतूनं सांगत नसे. हेच तर सगळं दुखणं होतं. बुद्धघोषच्या लग्नात सांगितलं, त्याला बढती मिळाली तेव्हा माइक हातात घेऊन सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं. आणि दर वेळेस त्यात एक चूक होती, जी फक्त बुद्धघोषला माहीत होती. त्या दिवशी त्याला शुद्ध होती. ताप होता, अंग भाजत होतं, पण शुद्ध लख्ख होती. दादाच्या मानेवरचा कारखान्याच्या तेलाचा वास आठवतो, मानेवरून ओघळणारा घामाचा थेंब आठवतो, बाभळीवर ओरडणारा होला आठवतो. लघवीला लागली होती तीही कळत होती. ‘दादा, उतरव’ एवढंच म्हणायचं होतं. पण उतरलं असतं तर चालावं लागलं असतं थोडं, आणि दादा म्हणाला असता, ‘तुला उभं ऱ्हाता येतंय की रं मग?’ उभं राहता येत होतं. कदाचित चालताही आलं असतं थोडं थोडं. तो पाठीवर बसून राहिला होता कारण पाठ मिळाली होती. आणि नंतर आणखी एक गोष्ट झाली, जी त्यानं प्रियदर्शनीला, आपल्या बायकोलासुद्धा, कधी सांगितली नाही. दादाची पाठ ओली होत असताना त्याला बरं वाटलं होतं. या माणसानं बाप मेल्यावर शाळा सोडली, साखर कारखान्याच्या मिल हाउसात, चरकांच्या घरघराटात, दिवसरात्र उभं राहून कान घालवले, आपल्यासाठी एवढं केलं, करतोय, करत राहणार आहे. त्याच्या पाठीवर मुतताना सोळा वर्षांच्या बुद्धघोषला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. तेव्हाही तो गप्पच बसला होता.

दादानं काही मागितलं असतं तर देऊन मोकळा झालो असतो, बुद्धघोष नेहमी म्हणायचा, मनातल्या मनात. पण गंगारामनं जन्मात कधी काही मागितलं नाही. केसरबाई, म्हणजे वहिनी, गेल्यावरही तो एकटाच राहत होता. लेक अंजली कन्हेरीला दिलेली, ती ये म्हणायची तर ‘लेकीच्या घरी व्हय?’ म्हणून जायचा नाही. शेवटी बुद्धघोषनंच त्याला आठ महिन्यांपूर्वी पुण्याला आणलं. आणलं म्हणजे काय, आणावंच लागलं. लोक काय म्हणतील! आणि आल्यावर त्यानं कुणाला त्रास दिला का? छे! पहाटे उठून सगळ्यांच्या आधी अंघोळ, स्वतःचे कपडे स्वतः धुणार, प्रियदर्शनीला भाजी निवडून देणार. ती म्हणायची, "दादांमुळं घराला घरपण आलं." लिफ्टमध्ये अनोळखी लोक बुद्धघोषला विचारायचे, ‘आबा बरे आहेत ना?’ तीस वर्षं त्या शहरात राहून त्याला जे मिळालं नव्हतं ते या बहिऱ्या माणसानं नुसता हात हलवून आठ महिन्यांत मिळवलं. या रविवारच्या चालण्यात तरी बुद्धघोष एकटा असायचा. इथं तो कुणाचा धाकटा नव्हता. तर श्रेयानंच एकदा म्हटलं, ‘भावाला आणा ना.’ आणा. आणला.

गाडी आता उसाच्या दोन फडांमधून चालली होती. बाहेर ऊन असं, की डोळा उघडवत नव्हता. एक वाजून गेला होता. गंगारामला शुगर होती. सकाळची गोळी घेऊन वर दोन घास पोह्यांचे, त्यानंतर काही नाही. त्याची पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा आणि मोबाइल, तिन्ही वस्तू बुद्धघोषच्या शेजारी, सॅकमध्ये होत्या. त्याला ओझं नको म्हणून. बुद्धघोषनं सॅकवर हात ठेवला. बाटली कापडातून हाताला गार लागली. आणि मग त्याला, आत्तापर्यंत जे तो स्वतःपासून चोरत होता, ते नीट आठवावं लागलं. सवयीनं नव्हतं गेलं तोंडातून. म्हणजे ‘बारा’ गेलं असेल सवयीनं, देव जाणे. पण त्यानंतर गाडी बंधाऱ्याला वळसा घालून गेली होती, आणि गंगाराम काठावर चढून आला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय ओले, एका हातात चपला. दुसरा हात वर. पळत नव्हता तो. पळायचं काय कारण? गाडी थांबणार याची त्याला बालंबाल खात्री होती. कारण खिडकीत बुदा होता, आणि बुदानं त्याला पाहिलं होतं. नजरेला नजर मिळाली होती. दहा हातांचं अंतर, त्याहून जास्त नाही. आणि बुद्धघोषनं हात लांब करून खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. ऊन येत होतं म्हणून.

तो मरेल काय? हा विचार आला तेव्हा बुद्धघोषला वाटलं आता आपण दचकू. दचकला नाही. उलट विचार अगदी घरच्यासारखा येऊन बसला. उन्हानं चक्कर येईल, बाभळीखाली टेकेल, शुगर उतरेल. कुणी मेंढका दिसला तर दिसला. मग फोन येईल, धावाधाव, रडारड. प्रियदर्शनी ऊर बडवेल. तोही रडेल, खरंच रडेल, त्यात खोटं नाही. वंदना होईल, गाथा म्हटल्या जातील, लोक दादाबद्दल चांगलं बोलतील, आणि तो हात जोडून उभा राहील. आणि त्यानंतर एके दिवशी सकाळी तो चहा पीत बसलेला असेल आणि जगात कुणाच्याही पाठीवर तो बसलेला नसेल. इतकं हलकं वाटलं त्याला, की त्याची त्यालाच शिसारी आली. त्यानं डोळे मिटले. कौसल्याताई मागून म्हणाल्या, "दमलात वाटतं सर?" आणि तो म्हणाला, "थोडंसं."

भिगवणला हायवेच्या कडेच्या खाणावळीत पानं वाढलेली होती. मासे तळल्याचा वास, भिंतीवर फ्लेमिंगोंची पोस्टरं, कूलरचा घरघराट. बुद्धघोष बेसिनवर हात धूत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ. मागून श्रेयाचा आवाज आला, "आबांचं कमी तिखटाचं सांगितलंय मी वेगळं. आबा कुठायत?" बुद्धघोष वळला, तोंडावर पाणी ठिबकत असलेला. काय बोलायचं हे त्यानं ठरवलेलं नव्हतं, शपथ घ्या. पण तोंडाचं काय, ते नेहमीच तयार असतं. "पुढं होता ना रावजींजवळ?" तो म्हणाला.

"माज्याजवळ? न्हाय वो सर," रावजी म्हणाला. "मला वाटलं माघारी तुमच्यापाशी बसल्यात."

"वाटलं म्हणजे?" बुद्धघोषचा आवाज चढला. "शेजारची सीट रिकामी दिसत नाही तुम्हाला? म्हातारा माणूस आहे तो! शुगर आहे! पाणी नाही त्याच्याजवळ, फोन नाही!" सगळी खाणावळ वळून बघायला लागली. त्यानं ओले हात रावजीपुढं नाचवले. रावजी पन्नाशीचा, वीस वर्षं याच रस्त्यांवर गाडी चालवणारा माणूस. तो सावकाश म्हणाला, "सर, बारा तुमीच म्हनला की."

"रावजी, काही तारतम्य आहे की नाही?" कौसल्याताई कडाडल्या. "त्यांचा भाऊ आहे तो. सवयीनं गेलं असेल तोंडातून. जीव बघा कसा उडालाय त्यांचा." आणि श्रेया रडायलाच लागली. "चूक माझी आहे, सर. नंबर कसले, मी डोकी मोजायला पाहिजे होती. आबांना काही झालं तर मी..." बुद्धघोषनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे," तो म्हणाला. "होतं असं." त्यानं ते इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की तिला आणखीच हुंदका आला. पानं तशीच टाकून सगळे गाडीत चढले. रावजीनं गाडी अशी काढली की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं शिवी हासडली.

गंगाराम सापडला तो डांबरी रस्त्यावर, फाटकापासून चांगला कोसभर इकडं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो पाय घासत घासत चाललेला. दोघा भावांचं जुनं गाव तिथून अर्ध्या कोसावर होतं, मागच्या बाजूला. जुनी ओळखीपाळखीची दोन-चार घरं अजून होती, तिथं जाऊन सावलीला बसला असता तर कुणी नको म्हटलं नसतं. पण नाही. गाडी ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं तो चालत निघाला होता. रावजीला तो आधी दिसला. "ते बगा आबा!" तो ओरडला आणि गाडीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांचा म्हणजे एकवीसपैकी वीस जणांचा. गाडी त्याला ओलांडून जाऊन थांबली, मागच्या काचेतून बुद्धघोषला ती पाठ दिसली, घामानं काळी पडलेली, थोडी डावीकडं झुकलेली, आणि त्याच्या मनात स्पष्ट शब्द उमटले, ‘आहे अजून.’ मग तो सगळ्यांच्या आधी बाटली घेऊन खाली उडी मारून धावला.

गंगारामनं पाणी घेतलं, पण रावजीच्या हातातलं. घटाघटा प्याला, निम्मं डोक्यावर ओतलं. ओठ फुटलेले, डोळे लाल. श्रेया त्याचे दोन्ही हात धरून रडत बोलत होती, "आबा, माफ करा, मोजायला चुकलं आमचं." शब्द काही त्याला ऐकू गेले नाहीत, पण रडणं दिसत होतं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. रावजीचं तोंड पडलेलं, श्रेयाचं रडवेलं. सगळ्यात शेवटी बुद्धघोषकडं पाहिलं, जरा जास्त वेळ. आणि मग त्यानं मोठ्यानं हसून सगळ्यांना सांगितलं, "आगं पोरी, रडतीस कशापाय? चूक कुनाचीच न्हाय. म्याच हात केला हुता बुदाला. तुमी फुडं व्हा म्हनलं, म्या येतो मागनं गावात जाऊन. त्येनं बगितलं की मला! बगितलं, आन् पडदा वडून घितला. म्हंजी समाजलं त्येला. व्हय का न्हाय रं बुदा?"

एक ट्रक गेला. श्रेयाचं रडणं थांबलं. बुद्धघोषला कळलं की दादानं त्याला पुन्हा एकदा उचललं होतं. सगळं काही माहीत असून, विचारल्याशिवाय, जन्मभराच्या सवयीनं. आणि उचलताना नेमकं तेच उघडं केलं होतं जे झाकायचं होतं. कारण तो बिचारा भिगवणला नव्हता. बुद्धघोष तिथं काय बोलला हे त्याला कुठून ठाऊक असणार! रावजी बुद्धघोषकडं बघत होता. कौसल्याताईंनी गाडीच्या खिडकीकडं पाहिलं. तो पडदा अजून ओढलेलाच होता. ‘होय’ म्हटलं तर मघाचा सगळा तमाशा खोटा ठरणार. गंगाराम मान हलवून वाट बघत होता, लहान पोराला धीर द्यावा तसा, ‘म्हण, म्हण व्हय म्हणून’. तेवढं एक ‘व्हय’ म्हटलं असतं तर दोघं भाऊ एका बाजूला उभे राहिले असते. बुद्धघोषनं सुस्कारा टाकला. श्रेयाकडं वळला आणि अगदी हळू आवाजात, दादाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणाला, "सहा महिने झाले, हे असंच चाललंय. कुणाला सांगितलं नव्हतं मी. मनानंच काहीतरी धरतो आणि मग तेच खरं वाटतं त्याला. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका."

"अरे देवा," श्रेया म्हणाली. कौसल्याताईंनी खिडकीवरून नजर काढून घेतली. त्यांनाही ती काढायचीच होती. एवढ्या भल्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर येतं. गंगाराम या ओठांकडून त्या ओठांकडं बघत होता. "काय म्हनतुया?" त्यानं रावजीला विचारलं. रावजीनं मान खाली घातली आणि दार उघडायला गेला. मग श्रेया जरा घुटमळली आणि तिनं विचारलं, "सर, मग सकाळची ती... पाठीवरून नेलं ती गोष्ट?"

खरंच, हे बुद्धघोषच्या डोक्यातही नव्हतं आलं. चाळीस वर्षं त्यानं ज्याच्यासाठी दात-ओठ खाल्ले ते असं आयतं पुढं येऊन उभं राहील असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं. तो नुसता हसला, थकलेलं, सोशिक हसू, आणि खांदे किंचित उडवले. "बापरे," श्रेया म्हणाली. "मग नाही टाकत मी ते. सॉरी सर. मला कल्पनाच नव्हती." तिनं तिथंच, रस्त्याच्या कडेला, फोनवर बोट फिरवून ते पुसून टाकलं. "तुम्ही किती सोसता हो," कौसल्याताई म्हणाल्या.

या वेळी गंगारामला पुढं बसू दिलं नाही. दोघांनी दंडाला धरून मागं आणला, बुद्धघोषच्या शेजारी खिडकीपाशी बसवला, कुणी पायाला क्रीम लावलं, कुणी केळं सोलून अगदी घास घास करून दिलं. "खा हं आबा. आं करा," एक मुलगी म्हणाली. तो खायचं थांबून तिच्याकडं बघत राहिला. सकाळी हीच पोरगी त्याच्या मागं मागं धावत टेप चढली होती आणि ‘आबा, दमानं घ्या की’ म्हणून धापा टाकत होती. केळं पोटात गेलं तसा त्याला हुरूप आला. गाडी सुटल्यावर त्यानं पुढच्या सीटवरच्याच्या खांद्याला हात लावला, माळाकडं बोट केलं आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात सुरू केलं, "तर म्या काय सांगत हुतो. पंच्याऐंशी साल. मार्च म्हैना. धाव्वीची परीक्षा..." पुढचा माणूस वळला, "हो का आबा?" म्हणाला आणि त्याच्या डोक्यावरून बुद्धघोषकडं कणवेनं बघितलं. गंगारामनं पाठंगुळीपर्यंत सांगितलं. तापापर्यंत सांगितलं. सदरा ओला झाला तिथं तो थांबला, कारण तिथं नेहमी लोक हसायचे. कुणीच हसलं नाही. सगळे त्याच्याकडं बघून हळू हळू माना हलवत होते, दवाखान्यात भेटायला आल्यासारखे. त्याला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं सगळं. एकेक तोंड त्यानं पाहून घेतलं. मग तो वळला आणि बुद्धघोषचं मनगट घट्ट धरलं.

"बुदा," तो म्हणाला, "सांग की रं ह्यास्नी. न्हेलं न्हवतं का म्या तुला?"

सगळी गाडी ऐकत होती. बुद्धघोष त्याच्या कानाशी वाकला आणि शेवटच्या सीटपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, फार मायेनं म्हणाला, "झोप आता, दादा. झोप जरा."